प्रल्हादभाऊंची एकमेव खोटी नोंद

सकाळी फोन वाजला तेव्हा मी दाढीला बसलो होतो. भुसावळहून प्रल्हादभाऊंचा मोठा मुलगा बोलत होता. "सर, पप्पा गेले. पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत..." आणि मी, तोंडाला साबण लावलेला शहाणा माणूस, त्याला काय म्हणालो? "अरे, पण रविवारी तर ते येणार होते!" जसं काही रविवारचं ठरलंय म्हटल्यावर माणसाला मरता येत नाही.  मी तोंड पुसलं, स्टेशनवर आलो आणि मिळेल ती गाडी पकडली. जळगाव ते भुसावळ अंतर ते किती, पण त्या दिवशी संपता संपेना. याला आता सात आठवडे झाले. इतके दिवस मी लिहीन लिहीन म्हणत टाळत होतो. दुःखापायी टाळत होतो असं सांगितलं तर छान दिसेल, पण ते खरं नाही. खरं कारण पुढं येईलच.

प्रल्हादभाऊ भंगाळे रेल्वेच्या कचेरीत कारकून. मूळ यावलकडचे, घरी थोडी केळी. नोकरीतलं त्यांचं पंचवीस वर्षांचं मुख्य काम काय, तर नियमांच्या पुस्तकांत स्लिपा चिकटवणं. रेल्वेचा एखादा नियम बदलला की नवं पुस्तक येत नाही, छापील कागदाची पट्टी येते. तिला करेक्शन स्लिप म्हणतात. ती त्या त्या पानावर खळ लावून चिकटवायची, तिचा नंबर पुस्तकाच्या पहिल्या पानावर चढवायचा, पुढं तारीख आणि सही. जुना मजकूर खरवडायचा नाही, फाडायचा नाही. पट्टी एका कडेनंच चिकटवायची, म्हणजे उचलून खालचं वाचता यायला हवं. "काल काय नियम होता तेही कळलं पाहिजे ना सर," ते म्हणायचे. "नाहीतर कालचा माणूस चुकला की बरोबर होता, हे आज कसं ठरवणार?"

माझी त्यांची गाठ पडली ती मी कॉलेजच्या सुट्टीत चालवायचो त्या संगणकाच्या वर्गात. पन्नाशीचा गृहस्थ पहिल्या बाकावर वही उघडून बसलेला. तिसऱ्या दिवशी उठून उभे राहिले. "सर, तुम्ही वाटलेल्या कागदावर सातवं बटण दाबा लिहिलंय. मशीन नवव्या बटणाला ऐकतं." मी तसा तापट माणूस. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कळतंय हो, समजून घ्या की!" म्हणून मी त्यांना खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर वर्गातल्या प्रत्येकाच्या कागदावर एक बारीक पट्टी, एका कडेनं चिकटवलेली, वर नंबर, तारीख आणि सही. मी हसत सुटलो. अहो, असा माणूस मला कुठून मिळायचा!

तेव्हा मी 'दौत' नावाचा प्रोग्रॅम लिहीत होतो. संगणकावर मराठी लिहिण्याचा. फुकट वाटायचा, आणि आतलं सगळं काम उघडं ठेवायचं, म्हणजे कुणालाही बघता यावं, सुधारता यावं. नाशिकचा एक जण, पुण्याचे दोघं आणि मी, असा आमचा पसारा. परदेशातल्या एका ओळखीच्यानं वेबसाइटसाठी जागा दिली होती. नवी आवृत्ती काढली की वेबसाइटवर तिचं एक पान लागायचं: यात नवं काय, दुरुस्त काय झालं, आणि कोणते दोष माहीत असूनही अजून तसेच आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे पान म्हणजे जिवावर येणारं काम. आम्ही चौघंही ते एकमेकांवर ढकलायचो. प्रल्हादभाऊंनी ते मागून घेतलं. दर रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं जेवणाच्या डब्यात फ्लॉप्या घेऊन यायचे. खालच्या पुडात फ्लॉप्या, वरच्यात वहिनींनी दिलेलं भरीत. मग माझ्या फोनच्या लायनीवरून आम्ही पान चढवायचो, आणि ते चढेपर्यंत भरीत संपलेलं असायचं.

त्यांची पानं बघून पुण्याचे दोघं आधी कुरकुरले. दोषांची यादी नव्या गोष्टींपेक्षा लांब! आणि चुकीची ओळसुद्धा कधी पुसायची नाही, तिच्यावर रेघ मारून खाली दुरुस्ती, नंबर, सही. मी म्हटलं, "भाऊ, आपली अब्रू आपणच वेशीवर टांगतोय." तर म्हणाले, "सर, माणूस तुमच्या प्रोग्रॅमवर दिवसाचं काम टाकतो. खड्डा कुठं आहे ते त्याला माहीत असलं म्हणजे तो बाजूनं जातो. खड्ड्याचं त्याला काही वाटत नाही हो, न सांगितल्याचं वाटतं." त्या पानाचा छापील कागद ते प्रत्येक फ्लॉपीबरोबर घडी घालून द्यायचे. खाली त्यांचा भुसावळचा पत्ता. लोक पत्रं त्यांनाच लिहायचे, मला नाही. खोटं कशाला बोलू, मला जरा झोंबायचं ते.

आता मूळ गोष्टीवर येतो... येववत नाही, पण येतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. नवी आवृत्ती रविवारी निघायची होती. दोन दिवस आधी नाशिकचं पत्र आलं: फ्लॉपी भरत आली असेल आणि लिखाण मोठं असेल, तर दौत 'जतन झाले' असं सांगते, पण शेवटची पानं प्रत्यक्षात लिहिलीच जात नाहीत.  आणि मंगळवारी धुळ्याला शिक्षकांपुढं मी दौत दाखवणार होतो. चाळीसेक शिक्षक येणार, वर्तमानपत्रात चार ओळी येणार, अशी माझी आशा होती. मी भाऊंना फोन केला. दोष सांगितला, आणि वर म्हटलं, "हे या वेळी पानावर नको. आठ दिवस द्या, मी दुरुस्तच करतो."

"सर, नोंद तर करावीच लागेल."

"अहो, पहिल्याच कागदावर 'तुमचं लिखाण जाऊ शकतं' लिहिलं तर कोण हात लावेल?"

"हात नाही लावला तर नाही लावला. गाडी सुटल्यावर स्लिप पाठवून काय उपयोग?"

माझा पारा चढला. मी म्हणालो... शब्द जसेच्या तसे लिहितो: "भाऊ, प्रोग्रॅम माझा आहे. मी सांगेन ते लिहायचं, एवढंच तुमचं काम."

 भाऊ "बरं," म्हणाले. रविवारी आले, पान चढवलं. डबा आणला होता, पण जेवले नाहीत.

धुळ्याचा कार्यक्रम झकास झाला. शैलाताई नावाच्या एक शिक्षिका तिथून फ्लॉपी घेऊन गेल्या. त्यांच्या घरी यजमानांच्या छपाईच्या कामासाठी संगणक होता. त्यांची एक आत्या, पार्वताअक्का, शिरपूरकडच्या खेड्यात राहायची. जात्यावरची, लग्नातली, बाळंतिणीची शेकडो अहिराणी गाणी तिला पाठ. टेप लावला की अक्का गप्प व्हायची, यंत्राला आवाज द्यायला ती तयार नव्हती. म्हणून ताईंनी तिला तीन आठवडे घरी आणून ठेवलं, आणि अक्का सांगेल तसं, रोज नवं लिखाण उघडून, थेट दौतमध्ये उतरवलं. अक्का रोज विचारायची, सगळं लिहून घेतलं ना: "बठ्ठं लिखी लिधं ना माय?" आणि ताई पडद्यावरचं 'जतन झाले' बघून सांगायच्या, "हो अक्का, बठ्ठं."

अक्का गावी गेली. महिन्याभरात वारली. तेराव्याला नातेवाइकांना गाणी छापून वाटावीत म्हणून ताईंनी फ्लॉपी उघडली, तर निम्म्याहून जास्त गाणी नव्हतीच.

त्यांचं पत्र कागदावरच्या पत्त्यावर, म्हणजे भाऊंकडं आलं. ते घेऊन भाऊ मधल्याच वारी माझ्या कॉलेजात आले. मला पत्रातली एकच ओळ आठवते: 'तुमच्या कागदावर सतरा दोष प्रामाणिकपणे लिहिले होते, म्हणूनच मी समजले की जे लिहिलेलं नाही ते सुरक्षित आहे.'  दुसऱ्या कुणाचा कागद असता तर त्या बाईंनी दोन प्रती ठेवल्या असत्या. भाऊंच्या खरेपणावर विसंबून त्या बुडाल्या, आणि त्या खरेपणात भोक पाडलं होतं मी.

भाऊ म्हणाले, "धुळ्याला जाऊन येऊ सर." मी म्हटलं, "मला पेपर तपासायचेत." ते एकटेच एस.टी.नं जाऊन आले. तिथं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी आले आणि त्यांनी पानावर दुरुस्ती चढवली: 'हा दोष आवृत्ती निघण्याआधी कळला होता. नोंद केली गेली नाही. चूक नोंद ठेवणाऱ्याची.' खाली नंबर, तारीख, प्र. भंगाळे.

मी वाचलं. म्हणालो, "भाऊ, हे कशाला?"

"नोंद माझ्याकडं होती," म्हणाले.

त्या क्षणी 'थांबा, माझं नाव लिहा' एवढंच म्हणायचं होतं मला. म्हणालो नाही. उलट, काय सांगू, माझा जीव भांड्यात पडला! सगळं खापर त्यांनी आपल्याच डोक्यावर फोडून घेतलं आणि मी मूग गिळून बसलो. तो दोष काढायला नंतर मला अडीच तास लागले. अडीच तास! शुक्रवारी फोनवर ओरडण्याऐवजी बसलो असतो, तर शनिवारी जेवणाआधी झालं असतं.

आमचं येणं-जाणं थांबलं नाही. रविवार चालूच राहिले. फक्त प्रत्येक आवृत्तीच्या वेळी यादी संपली की भाऊ पेन टेबलावर ठेवून विचारायचे, "अजून काही, सर?" आणि थांबायचे. नव्या दोषांबद्दल विचारत नव्हते ते. मला कळायचं. मी "नाही" म्हणायचो. ते मान हलवून पेनाला टोपण लावायचे. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा मी सांगणार होतो, असं आता मला वाटतं... पण गेलेल्या माणसाच्या बाबतीत आपण काहीही ठरवलेलं असू शकतं.

दहाव्याला शैलाताई भुसावळला आल्या होत्या. वर्तमानपत्रात वाचून आल्या. मला ओळखून जवळ आल्या. "फार बोलले हो मी त्यांना," म्हणाल्या. "तुम्ही माझ्या अक्काला दुसऱ्यांदा मारलंत, असं मी म्हणाले. भरदुपारी दारात उभे होते. मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. एक शब्द उलट बोलले नाहीत." मी ऐकत राहिलो. तिथं भाऊंची बायको, मुलं, कचेरीतली माणसं होती. जागा नव्हती बोलायची, असं मी स्वतःला सांगितलं. मला तर कुठलीच जागा कधी बोलायची वाटली नव्हती.

भुसावळहून परतल्यावर मात्र अन्न गोड लागेना. रोज वाटायचं, त्या पानावर भाऊंच्या सहीखाली एक खोटं वाक्य आहे, आणि माणूस गेल्यावर ते कायमचं खरं होणार. त्यांनी लिहिलेल्या शेकडो ओळींत तेवढीच एक खोटी, तीही माझ्यासाठी. परवा अखेर बसलो. पुसायला मिनिट लागलं नसतं. पण पुसायचं नाही हे त्यांचंच. त्यांच्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'वरील नोंद खोटी आहे. दोष कळवू नये असं प्रल्हाद भंगाळे यांना मी सांगितलं. त्यांनी विरोध केला होता. त्यानंतर वर्षभर मी गप्प राहिलो.' खाली माझी सही. चार वाक्यं लिहायला मला सबंध दुपार लागली.

त्याची छापील प्रत घेऊन काल धुळ्याला गेलो. शैलाताईंनी उभ्यानंच वाचली. चिडतील, दार लावतील, या तयारीनं मी गेलो होतो. खरं सांगतो, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीवर बसल्या, कागद मांडीवर ठेवला आणि बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "सर, मग मी त्यांना जे बोलले... ते आता परत कसं घेऊ? कुणाकडून घेऊ?"

मी जायला उठलो. निघताना त्यांनी विचारलं, "त्यांच्या मिसेसना माहीत आहे ना हे?"

नाही. भाऊंनी घरातही चूक आपलीच म्हणून सांगितली होती. वहिनी वर्षभर समजत आल्या आहेत की आपल्या नवऱ्याच्या हातून चूक झाली आणि एका म्हातारीची गाणी गेली. दहाव्याला माझ्यासमोर त्या शैलाताईंचे हात धरून म्हणाल्या होत्या, "यांच्याकडून राहून गेलं हो, माफ करा." मी शेजारी उभा होतो.

हा लेख पुरवणीत रविवारी येईल. वहिनींकडं तो पेपर येतो, आणि त्या पुरवणी सगळ्यात आधी वाचतात. तेव्हा शनिवारी सकाळच्या पॅसेंजरनं मी भुसावळला जातो आहे. छापून येण्याआधी त्यांना सांगितलं पाहिजे.