उजव्या डोळ्यामागची कळ

आमचे हे मिरकरवाडा बंदरातल्या एका मासेमारी ट्रॉलरवर तांडेल होते. समुद्रात बोट आणि खलाशी त्यांच्या शब्दावर चालायचे. दिवाळी सरली की त्यांचं डोकं धरायचं. रोज दुपारी चारच्या सुमारास, उजव्या डोळ्याच्या मागे, तासभर. दोनेक महिने हे चालायचं, मग वर्षभर काही नाही.

दुखताना ते झोपत नसत. पडवीत फेऱ्या मारत, कपाळ भिंतीवर आपटत. उजवा डोळा लालभडक व्हायचा, नाकाची तीच बाजू गळायची. "आत कुणी तापलेली सळई फिरवतंय गो," म्हणायचे. कळ थांबली की घामेघूम होऊन चहा मागायचे. त्या चहामुळेच माझा विश्वास बसत नसे. इतकं दुखणारा माणूस लगेच चहा कसा पितो?

दाढेचं असेल म्हणून उजवीकडच्या दोन दाढा काढल्या. सायनस म्हणून वाफारे घेतले. सासूबाईंनी दृष्ट काढली. लाल डोळा बघून बंदरावर बोलणं सुरू झालं, तांडेल दुपारीच पिऊन येतो. एकदा भर समुद्रात कळ आली, तेव्हा ह्यांनी सुकाणू सोडलं आणि डोकं मासळीसाठीच्या बर्फात खुपसलं. खलाशी घाबरले. मालकाने दुसरा तांडेल ठेवला.

त्या दिवशी मी बोलून गेले, "डोकं सगळ्यांचंच दुखतं. बायका काय कामं टाकून बसतात?"

त्यानंतर ते चार वाजायच्या आत घराबाहेर पडू लागले. एकदा मी मागोमाग गेले. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला ते गुडघ्यांवर बसले होते, डोकं फळीवर आपटत. आवाज फुटू नये म्हणून तोंडात टॉवेल कोंबला होता.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "दुखतं तेव्हा पडून राहता, की फेऱ्या मारता?"

"फेऱ्या," मीच उत्तर दिलं.

"अर्धशिशीचा माणूस अंधारात निपचित पडतो. ह्यांना पडून राहवत नाही. ह्याला क्लस्टर हेडेक म्हणतात, काही आठवडे झुंडीने येणारं दुखणं. दाढांचा काही संबंध नव्हता."

चारला तिथेच कळ आली, तेव्हा बाईंनी मास्क लावून ऑक्सिजन दिला, तर पंधरा मिनिटांत उतरली. हे लहान मुलासारखे रडले. घरी येऊन मी माफी मागितली. म्हणाले, "तुझं काय चुकलं? शेवटी शेवटी मलाच वाटायचं, मी नाटक करतोय."

दुखणं समूळ जात नाही, आवरता येतं, असं बाईंनी सांगितलंय. आता ते जेटीवर दुसऱ्यांची जाळी विणतात. बोटीवर कुणी घेत नाही. यंदा कळ गणपतीतच आली, आणि घरी आणून ठेवलेला ऑक्सिजनही रोज लागू पडत नाही. मी मास्क धरून बसते. ते माझं मनगट आवळतात, आणि मी घड्याळाकडे बघत राहते.