दस्तीतलं पनीर

आमच्या म्हशीची कास सुजली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरनं रोज एक अशी पाच इंजेक्शनं दिली आणि तोवर दूध फेकून द्यायला सांगितलं. टोचायला मी पटाईत. दोन दिवसांत सूज उतरली. उरलेली तीन इंजेक्शनं मी भिंतीतल्या देवळीत ठेवली, पुढच्या वेळेला कामी येतील म्हणून. ह्याला मी हुशारी म्हणत होतो.

दूध फेकायला हात धजेना. डेअरीत घालायची लाज वाटली, एवढा प्रामाणिक मी! मग घरीच उकळून, लिंबू पिळून नासवलं, खांद्यावरची दस्ती काढून तिच्यात गाळलं आणि वर दगड ठेवला. बायको म्हणाली, "आवो, ह्याच दस्तीनं कास पुसली ना तुमी?"

"दूध उकळलेलं हाय. तुला न्हाई कळायचं."

तिनं पनीर चाखलंसुद्धा नाही. मी मात्र घरचं, बिनभेसळीचं म्हणत दोन दिवस हाणलं.

मग जुलाब लागले ते थांबेचनात. केजच्या डॉक्टरनं तपासणी करून सांगितलं, की पोटातल्या जंतूंवर नेहमीची औषधं चालत नाहीत. अर्धवट डोसांनीच असे जंतू निर्ढावतात. सगळी हकिगत ऐकून ते म्हणाले, "दूध उकळलं, पण दस्ती उकळली का?" सोबत आलेली बायको लई हसली.

त्यांनी सात दिवसांच्या भारी गोळ्या दिल्या. तिसऱ्याच दिवशी पोट ठणठणीत झालं. उरलेल्या गोळ्या मी जपून देवळीत ठेवल्या, म्हशीच्या इंजेक्शनांशेजारी.