वसुंधरेची हिरवी साडी

सुमती वारली त्या दिवशी घरी माणसं आली आणि संध्याकाळी गेली. मी आणि आमची मुलगी कुमुद मागे राहिलो.

तेरवी आटोपल्यावर सुमतीचा उमरखेडचा भाऊ ओसरीवर बसून म्हणाला, "भाऊजी, तुम्ही आज ना उद्या दुसरं घर करसान. त्यात वाईट काही नाही. पण पोरीले आमच्याकडं राहू द्या." शाळेचं संमेलन होऊ द्या, मग पाहू, एवढंच मी म्हणालो. कुमुद दाराला टेकून ऐकत होती. ती बोलली नाही, आणि तेव्हापासून तिच्या गप्प राहण्याचा मी एकच अर्थ लावत गेलो, की हिला इथून जायचं आहे. ती पानावरून लवकर उठली तरी मला तेच वाटे, आणि दप्तर नीट लावून ठेवलं तरी तेच.

दुःख माणसाला मृदू करतं असं पुस्तकांतून वाचलं होतं. मला तर त्याने पहारेकरी केलं. शेजारच्या गोदाकाकूंनी भाजीची वाटी पाठवली तर मी भाजीआधी त्यांचा चेहरा पाही. ही माया, की एकट्या पुरुषाच्या घरात डोकावण्याचं निमित्त? शोकात असलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, सारे नुसते पाहतात. आणि पाहणाऱ्यांकडे पाहता पाहता आपलीही नजर तशीच होत जाते.

त्या वर्षीच्या संमेलनात कुमुदला वसुंधरेचं काम मिळालं होतं. अंगभर हिरवं हवं, आणि गॅसबत्तीत चमकलं पाहिजे, असं तिच्या बाईंनी सांगितलं होतं. आमच्या घरात चमकणारं वस्त्र एकच होतं: सुमतीची पांढरी नायलॉनची साडी. नायलॉन तेव्हा आमच्या कळंब गावात नवलाचंच होतं. मी ती हौसेने नागपूरहून आणली होती. सुमतीने ती बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाली, "याले ना सूत म्हणाव ना रेशीम. चुलीजवळ बसलं तर अंगाले चिकटन." लग्नसमारंभाला ती नेसे, आणि घरी आली की आधी सोडून ठेवी. त्या वस्त्रावर तिचा कधी विश्वास बसला नाही.

कुमुदला मी विचारलं नाही. आईची साडी म्हटल्यावर ती नाही म्हणेल, किंवा रडेल, असं वाटलं. माझ्या शाळेतून रजा घ्यावी, ती तिच्या शाळेत असताना साडी रंगवावी आणि तयार झाल्यावरच दाखवावी, असा माझा बेत होता. यवतमाळच्या बाजारात रंगाची पुडी देताना दुकानदाराने मला निरखून पाहिलं. "हा रंग सुताचा हाय, मास्तर. नायलॉनचा भरोसा नाही," तो म्हणाला.

मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून मी डालड्याच्या मोठ्या डब्यात पाणी उकळलं, रंग आणि मीठ टाकलं, आणि साडी बुडवली. ती बुडेना. आत हवा भरून ती फुग्यासारखी वर येई. काठीने दाबावी तर दुसरीकडून डोकं काढी. सुती कापड रंग कसं निमूट पिऊन घेतं! हे कापड मात्र प्रत्येक थेंबाची झडती घेत होतं. बाहेर काढली तेव्हा डब्यातलं पाणी निळंशार आणि साडी पिवळी. हिरवा म्हणजे पिवळा आणि निळा एकत्र. नायलॉनने त्यातला पिवळा तेवढा घेतला आणि निळा नाकारला होता. ती मी आडोशाला वाळत घातली. दुसऱ्या दिवशी गडद रंगाची पुडी आणून पुन्हा उकळली, तेव्हा कुठे ती हिरवी झाली. एकसारखी नव्हे. कुठे कोवळ्या कडुनिंबासारखी, कुठे शेवाळासारखी.

कुडापलीकडून गोदाकाकूंचा आवाज आला.

"काहो मास्तर, काल हळदीचं वाळून राह्यलं होतं, आज हिरवं. पोरगी कुठली हाय?"

"कोणती पोरगी?"

"आता कायले लपवता? हात पाहा आपले. नवरदेवाचे बी इतके रंगत नाहीत."

माझे हात मनगटापर्यंत हिरवे होते. मी सांगायला हवं होतं. पण खुलासा करणारा माणूस नेहमीच थोडा अपराधी दिसतो, नाही का? मी घरात निघून गेलो. हळदीचं पिवळं आणि शालूचं हिरवं, दोन्ही एका विधुराच्या दोरीवर. गल्लीला आणखी काय पुरावा हवा होता?

दुसऱ्या दिवशी शनिवार. जास्तीचा रंग धुऊन मी साडी पुन्हा दोरीवर घातली होती, आणि शाळा लवकर सुटली. कुमुद आली, दोरीसमोर क्षणभर थांबली, आत गेली आणि आपले कपडे पिशवीत भरू लागली.

"मामा आले की मी त्याईच्या संगं जातो," ती म्हणाली.

माझा संशय खरा ठरला होता. खरा ठरलेला संशय किती थंड असतो! मी विचारलं, "आणि वसुंधरा?"

"दुसरी कोणी होईन. तिले येऊ द्या. मी जागा करून देतो."

"कोणाला?"

"जिच्यासाठी लुगडं रंगवलं तिले. सगळ्या शाळेले माहीत हाय."

तेव्हा कुठे मला कळलं, की या घरात पहारा देणारा मी एकटाच नव्हतो. मी साडी दोरीवरून काढून तिच्यापुढे ठेवली आणि ती तुझ्यासाठी आहे, तुझ्या आईची आहे, असं सांगितलं. तिने पदर चाचपला. साडी तिने ओळखली, पण माझं म्हणणं तिला पटलं नाही.

"माह्यासाठी हाय तर एवढी अख्खी कायले? मले अर्धी पुरते," ती म्हणाली. मग साडी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "मंग कापा."

अख्खी साडी मोठ्या बाईची असते. कापलेली साडी घरात येणाऱ्या कोणत्याच बाईच्या कामाची उरत नाही. लहानशा डोक्याने एवढा विचार केला होता. मी कात्री घेतली. सुमतीचं काहीच मी तोवर मोडलं नव्हतं. नायलॉन पात्यांतून निसटत होतं. कुमुदने समोरून एक टोक ताणून धरलं आणि शेवटचा धागा तुटेपर्यंत माझ्या हातांकडे पाहत राहिली. मग तिने पिशवी उलटी करून आपले कपडे पुन्हा फळीवर ठेवले.

तिने वसुंधरेचं काम केलं. घामाने मानेवर हिरवे ओघळ आले. मामा संमेलनाला आला, जेवला, आणि दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने एकटा उमरखेडला परत गेला. मी पुन्हा लग्न केलं नाही. कुमुद लग्न होईपर्यंत माझ्याजवळ राहिली.

आता अर्धी साडी तिच्या घरी आहे. अर्धी माझ्या ट्रंकेत आहे.