अडीचकी म्हणणारी मुलगी

गेल्या वर्षी दहावीच्या निकालात माझी भाची गणितात नापास झाली. दुसऱ्यांदा.

बहिणीचं सासर मध्य प्रदेशातल्या सौंसरचं, मी तिकडेच पांढुर्ण्याला. रविवारी गेलो की चहानंतरचा कार्यक्रम ठरलेला असे. बहिणीचे सासरे, निवृत्त शिक्षक, पाहुण्यांसमोर नातीला उभं करत. ती पावकी, दीडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे न अडखळता म्हणे. एकदा संत्र्याचा एक अडत्या म्हणाला, "गुरुजी, हिले माह्या अडतीवर बसवा. मंग मुनीमच नाही लागत."

तीच मुलगी हळद, दही आणि टेलरकडचा ब्लाऊज आणायला गेली की फक्त हळद घेऊन परते. "बाकीचं कोण आणीन, तुहा नवरा?" बहीण म्हणे. शाळेत बाई हिंदीत सांगत: किताब निकालो, पाँचवाँ पाठ, आख़िरी तीन सवाल. ती पुस्तक काढून बसून राही. गुणाकारात हातचा धरला की पुढचा आकडा निसटे. पाढे इतके पाठ, म्हणजे हे ती मुद्दाम करते, असं घरात ठरून गेलं.

ती आठवीत असताना बहीण आणि मी तिला नागपूरला मानसशास्त्रज्ञांकडे तपासणीसाठी नेलं. तिथल्या बाईंनी काही आकडे ऐकवून ते उलट्या क्रमानं म्हणायला सांगितले. तीन आकड्यांपुढे तिला जमेना.

"पाठ केलेलं तिच्याकडे पक्कं राहतं," बाई म्हणाल्या. "पण आत्ता ऐकलेलं मनात धरून त्यावर काम करायचं, तिथं ते सुटतं. एका वेळी एकच गोष्ट सांगा. गणिताच्या पायऱ्या लिहून समोर ठेवा." अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र काढलं तर बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ मिळेल, हेही त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी सौंसरला सासरे चिडले. "अडीचकी म्हणते पोरगी. अन् तुम्ही लिहून घेऊन राहिले का तिचं डोकं कमजोर आहे?"

"मामाजी, पेपरात वेळ जास्त मिळते तिले," बहीण सासऱ्यांना म्हणाली.

"अन् उद्या सोयरीक आली म्हणजे? हाच कागद दाखवशीन?"

भाचीनं मला विचारलं, "मामा, त्या बाईकडे पुन्हा जाऊन राहिलो का आपण?" बहिणीनं तिला आत पाठवलं.

नागपूरचा एकच सल्ला त्या घरात पाळला गेला. बहीण तिला एका वेळी एकच वस्तू आणायला सांगते. मुलगी चुकत नाही.

परीक्षेत तिला इतरांइतकाच वेळ मिळाला. दोन्ही वेळा शेवटची गणितं कोरी राहिली, असं तिनंच सांगितलं.

यंदा फॉर्म भरायची मुदत संपली. तिचा भरलेला नाही. प्रमाणपत्रासाठी अर्जही झालेला नाही.