लेणीच्या पायऱ्यांवर भेटलेल्या ताई

प्रज्ञाला मधुमेह असल्याचं कळलं, तेव्हा ती आठवीत होती. रोज इन्सुलिनची इंजेक्शनं, तीही आयुष्यभर. डॉक्टरांनी नीट समजावलं, पण माझं मन काही ऐकेना. सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावताना वाटायचं, या लेकरालाच का? दुःख आहे, हे तर भगवंतांनी सगळ्यात आधी सांगितलं. ते लहानपणापासून ऐकत आले होते. तरी आपल्या मुलीच्या पोटात सुई टोचताना ते काही कामी येईना.

त्याहून जड होतं तिचं गप्प होणं. शाळेत कुणाला कळू नये म्हणून ती दुपारचं इंजेक्शनही टाळायची आणि डबाही. सायली आणि बाकीच्या मैत्रिणी घरी आल्या की झोपेचं सोंग घ्यायची. "सगळे माझ्याकडे बघत बसतील," एवढंच म्हणायची.

एका पौर्णिमेला आम्ही तिघं डोंगरावरच्या त्रिरश्मी बुद्धलेणीला गेलो. सकाळचं इन्सुलिन घेऊन तिने नाश्ता तसाच टाकला होता, हे मला ठाऊक नव्हतं. तिचे बाबा खाली गाडी लावत होते आणि साखरेची पुडी असलेली पिशवी त्यांच्याच खांद्याला राहिली. आम्ही दोघी चढू लागलो. अर्ध्या वाटेवर ती मटकन खाली बसली. हात थरथरत होते, कपाळावर घाम होता आणि काही विचारलं तर भलतंच उत्तर देत होती. साखर उतरली हे मला कळलं, पण जवळ काहीच नव्हतं. यांना फोन लावला, तो लागेना. तिला तिथे सोडून खाली धावत जाण्याचा धीर होईना. त्या क्षणी माझ्या मनातली सगळी तक्रार गळून पडली. ओठांवर नुसतं 'बुद्धं सरणं गच्छामि' आलं.

वरून एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला धरून उतरत होत्या. प्रज्ञाला बघताच त्या शेजारी टेकल्या. "शुगर आहे का हिला?" मी मान हलवली. त्यांनी पर्समधून ग्लुकोजची पुडी काढली, पाण्यात कालवली. "गिळता येतंय ना बाळा? हळूहळू घे." काही वेळाने प्रज्ञाच्या डोळ्यांत ओळख परतली. मग त्यांनी तिला बिस्किटं खायला लावली.

"तुम्ही डॉक्टर आहात का?" मी विचारलं.

"नाही हो, मलाही हेच आहे." मग त्या प्रज्ञाकडे वळल्या. "तुझ्याएवढी होते तेव्हापासून. कळवणकडे शाळेत शिकवते, मुलींना खो-खो खेळवते."

"तिथे सगळ्यांना माहितीये?" प्रज्ञाने हळूच विचारलं.

"मीच सांगितलंय. मला चक्कर आली तर काय द्यायचं, हे त्यांना नको का कळायला? तूही एका मैत्रिणीला तरी सांग."

त्यांच्या आई हसल्या. "हिनं लय रडवलं मला तवा. आता हीच मला धरून चालवती."

तेवढ्यात प्रज्ञाचे बाबा धापा टाकत वर आले. त्या गडबडीत ताईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

पुढच्या आठवड्यात प्रज्ञा शाळेतून आली आणि दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "आई, आज वर्गशिक्षिकांना सांगितलं. दुपारी टोचताना सायली शेजारी उभी होती. भीती तिलाच वाटली, मला नाही."

त्या वेळी, त्याच पायरीवर त्या ताई कशा आल्या, याचा शोध मी घेत नाही. मनोमन त्यांचं मंगल चिंतते. इंजेक्शन, डबा, डॉक्टरांकडची फेरी हे माझ्या हातातलं. ते मन लावून करते. बाकीचं मुठीत धरून ठेवण्याचा अट्टहास आता सुटला आहे. सकाळी प्रज्ञा शाळेला निघते, तेव्हा मी दारातून तिला हात करते आणि शांतपणे कामाला लागते.