रडतरावांची गप्प सकाळ

काचा बसवणाऱ्या त्या चौघांच्या टोळीत त्याला सगळे रडतराव म्हणत, आणि ते नाव त्याला शोभतही होतं. कामाला हात लागण्याआधीच त्याची टकळी सुरू व्हायची. वारा वाईट आहे, दोर जुना आहे, कंबर तर कामातून गेलीच आहे. वीस वर्षं हेच. बाकीचे तिघे त्याची टर उडवत आणि काचा वर चढवत. एवढ्या वर्षांत एकही फुटली नव्हती.

मग नवे साहेब आले. त्यांना उत्साही माणसं हवी होती. पुन्हा कुरकुर ऐकू आली तर गोदामात पाठवीन, असं त्यांनी रडतरावाला स्पष्ट सांगितलं. गोदाम म्हणजे दिवसभर एकट्याने बसणं. त्या तिघांवाचून दिवस काढायची कल्पनाच त्याला सोसेना.

दुसऱ्या दिवशी त्याने तोंडाला कुलूप लावलं. दारापेक्षा मोठी काच पाचव्या मजल्याकडे निघाली. वर दोघे दोर ओढत होते. खाली रडतराव आणि मिस्त्री काच भिंतीवर आदळू नये म्हणून बाजूचे दोर धरून होते. मिस्त्री सारखा त्याच्याकडे बघू लागला. काही दिसतंय का, असं त्याने विचारलंही. रडतरावाने नुसती नकारार्थी मान हलवली, तसा मिस्त्रीच्या हातांना घाम फुटला. वरचे दोघेही धास्तावून हिसके द्यायला लागले. काच झोके घेऊ लागली. शेजारी उभे असलेले साहेब शांत राहा, शांत राहा म्हणून ओरडत होते, त्याने तर सगळेच आणखी बावरले.

गोदाम तर गोदाम, असं म्हणून रडतरावाने तोंड उघडलं. "या मेल्या वाऱ्याला आजच यायचं होतं! आणि ही कंबर घेऊन मी अजून किती काचा चढवायच्या?"

वर कोणीतरी खुदकन हसलं. हात सावरले, ओढ एकसारखी झाली आणि काच अलगद चौकटीत बसली.

"साहेब, आमच्या चौघांची काळजी हा एकटा करतो," मिस्त्री म्हणाला. "हा बोलत असला की आम्ही निर्धास्त. आज गप्प बसला, तेव्हा वाटलं, याला खरंच काहीतरी भयंकर दिसलंय."

साहेबांनी गोदामाचा विषय काढला नाही. उद्या लवकर या, एवढंच म्हणाले. रडतरावाचा जीव भांड्यात पडला. हे तिघे आपल्याला कसेबसे चालवून घेतात, असंच तो इतकी वर्षं समजत आला होता. तो तिथेच पायरीवर बसून मनमोकळं रडला, आणि तिघांपैकी कोणीही हसलं नाही.