स्टेमवर कोरलेलं नाव

चांगल्या वस्तूची वाट लावायची असेल तर ती आमच्या सोलापुरात आणावी आणि चार लोकांसमोर हार घालून कुणाला तरी भेट द्यावी. हे मी रागानं लिहितोय. राग जुना आहे, सत्तरच्या दशकातला, पण अजून शिळा झालेला नाही.

मी तेव्हा औद्योगिक प्रशिक्षण केंद्रात फिटरच्या वर्गाला शिकवायचो. धाकटा भाऊ मिलमध्ये होता, पण त्याचा सगळा जीव सायकलच्या शर्यतींत. जिल्ह्यात त्याच्या चाकाला चाक लावणारं कुणी नव्हतं आणि त्या हिवाळ्यात राज्याच्या संघाची निवड होती. सायकल मात्र दूधवाल्याच्या सायकलीतलं नको ते काढून हलकी केलेली. आमच्या पेठेत भांड्यांचे एक व्यापारी होते, सगळं गाव त्यांना मालक म्हणायचं. त्यांना शर्यतींचा भारी नाद. त्यांचा मेहुणा बोटीवर नोकरीला होता. त्याच्याकरवी त्यांनी भावासाठी इटलीहून सायकलचे भाग आणवले: चाकांचे हब, पेडलचे क्रँक आणि स्टेम. स्टेम म्हणजे हँडलला पुढच्या फोर्कशी जोडणारी आखूड मान.

भाग आधी माझ्याकडं आले. "मास्तर, तुमी बघा," मालक म्हणाले, "माल खरा हाय का नुस्ताच चकाकतोय, सांगा."

आपल्याकडं माल पारखायची रीत ठरलेली. हातात घेऊन जोखायचा, जड लागला की दणकट. मग टिचकी मारून वाजवायचा. मग शिक्का वाचायचा आणि मान डोलवायची. या तिन्हींचा काडीचा उपयोग नाही. मी हब चाकात बसवला आणि चाक नुसतं सोडून दिलं. ट्यूबच्या व्हॉल्वचं वजन ते किती, पण तेवढ्यानंच चाक आपसूक फिरून व्हॉल्व खाली येऊन थांबला. बेअरिंगच्या गोळ्या ज्यांत फिरतात त्या वाट्या भिंगाखाली धरल्या, त्यावर एक ओरखडा नाही. मायक्रोमीटर लावून दमलो, हबच्या एका बाजूचं माप दुसऱ्या बाजूपासून हलेना. वर्गातल्या मुलांना मी वर्षानुवर्षं जे तोंडानं सांगत होतो ते पहिल्यांदा हातात धरून बघत होतो.

आणि तो स्टेम. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, हाताला पेरूएवढासुद्धा जड नाही. जिथं जाड भाग बारीक होत होता तिथं एकही धारदार कोपरा नव्हता, सगळीकडं गोलाई. ती गोलाई शोभेची नसते. ताण कोपऱ्यात साचतो आणि तिथूनच तडा सुटतो, म्हणून करणाऱ्यानं कोपराच ठेवलेला नव्हता. कुठल्या तरी दूरच्या माणसानं कधीही न बघितलेल्या पोराच्या दातांची काळजी केली होती. माल खरा आहे, असं मी मालकांना सांगितलं. भाग त्यांच्याकडं परत गेले.

दसऱ्याला देवळाच्या मंडपात हार-नारळ देऊन ते भावाला देण्यात आले. घरी येऊन मी पिशवी उघडली आणि माझं डोकंच फिरलं. स्टेमच्या वरच्या अंगावर, अगदी स्वाराच्या नजरेसमोर, मालकांच्या वडिलांचं नाव कोरलं होतं. कैलासवासी अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ. ओळीखाली ओळ, आडवी, छिन्नीनं ठोकून. मालकांच्या दुकानात दाराशीच नावं घालणारा बसायचा. लग्नातला हंडा असो नाहीतर बारशाची वाटी, नाव घातल्याशिवाय भांडं दुकानाबाहेर पडायचं नाही. त्यालाच हेही काम दिलं होतं. त्यानं आपल्या बाजूनं सुबक केलं होतं. शिरोरेखा तर पट्टीनं मारल्यासारखी, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसलग. ज्या धातूवर कोपरा नको म्हणून इटलीतला माणूस घासत बसला, त्यावर आम्ही भर ताणाच्या जागी चर मारून ठेवला होता.

मी तडक दुकान गाठलं. हँडलवर जोर आला की स्टेमचं वरचं अंगच ताणलं जातं, तिथं चर चालत नाही, हे सांगितलं. कापडवाला काठाला जराशी कात्री लावतो आणि मग सबंध पन्हा हातानं टरकावतो, तसं होईल म्हणालो. मालक हसले. "मास्तर, नाव घातल्यानं कुटं भांडं फुटतंय व्हय? सोलापुरातल्या घराघरात आमची भांडी हायत की." हंड्यावर बसून कुणी होटगीपर्यंत जोरात जात नाही, असं मी म्हणालो. ते त्यांना लागलं. वडिलांचं नाव होतं ते.

घरी आल्यावर मी कानस काढली. चर फार खोल नव्हता. कानशीनं घासून, पॉलिश पेपरनं गुळगुळीत केला असता तर स्टेम वाचला असता. आई आडवी आली. "मेलेल्या माणसाचं नाव हाय त्यावर. त्याला कानस लावतूस?" जुना लोखंडी स्टेम लावू, असं मी भावाला म्हणालो. तो सायकलची सीट पुसत बसला होता. "निवडीला मालक येणार हायत दादा. त्यांची नजर पैल्यांदा तितंच जाणार. त्यांचं मन मोडायचं व्हय?" माझ्या हातातून स्टेम घेऊन त्यानंच तो बसवला. मन मोडू नये म्हणून आमच्याकडं माणसं काय काय मोडून घेतात.

दोनेक महिन्यांनी, निवडीच्या जरा आधी, होटगी रस्त्यावर सराव करताना तो उभा राहून जोर मारायला गेला आणि हँडल त्याच्या हातात आलं. जबडा आणि खांद्याचं हाड मोडलं, पुढचे दात गेले. निवड गेली ती वेगळीच. मी तुटलेला भाग बघितला. अर्ध्याहून जास्त तोंड काळपट, घासून गुळगुळीत झालेलं, म्हणजे तडा बरेच दिवस आत सरकत होता. उरलेलं ताजं, करडं. आणि सुरुवात शिरोरेखेच्या तळाशी. शंकेला जागाच नव्हती.

मालक भेटायला आले. त्यांचे डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. तुकडा हातात घेऊन ते म्हणाले, "परदेशी माल. वरनं देखणा, आतनं कच्चा. मास्तर, तुमी तपासला होता न्हवं? तुमाला कसं दिसलं न्हाय?"

मी त्यांच्या हाताशी बोट नेऊन तडा कुठून निघाला ते दाखवलं. चांगला होता माल, म्हणालो, तुम्ही तो कापलात. त्यांनी मी दाखवली ती जागा नीट बघितली, तिथलं वडिलांचं नाव वाचलं आणि तुकडा कपाळाला लावला. मग रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. आई मला म्हणाली, बाहेर जा. मी गेलो नाही. माझा भाऊ बोलेल असं मला वाटत होतं. हाडं त्याची मोडली होती, वर्ष त्याचं बुडालं होतं.

मालक त्याला म्हणाले, "काळजी करू नगंस. मेव्हण्याला सांगून दुसरा आणतो."

भावाच्या जबड्याला पट्टी बांधली होती, पाणी मागायचं तरी तो खुणेनंच मागायचा. पण त्यानं माझ्याकडं न बघता उशीवरून मान उचलली आणि एकेक शब्द सावकाश, सबंध उच्चारत म्हणाला, "आणा मालक. नाव घालूनच आणा."